ओल मोजणारी सोराइदा

दोन्या सोराइदा, म्हणजे मानाने म्हणायचं तर सोराइदाबाई, आमच्या सान तेल्मोच्या बोळात राहायला आली तेव्हा तिच्या सामानात एक लोखंडी पलंग, एक शिलाई मशीन, चार खुर्च्या आणि एक लांबट लाकडी पेटी एवढंच होतं. ती पेटी तिने हमालाला उचलू दिली नाही, स्वतः काखेत धरून आणली. मग काय, बोळातल्या बायकांनी तर्क लढवले. एकीला त्यात बासरी वाटली, दुसरीला नवऱ्याची राख. पेटीतून निघाले दोन थर्मामीटर. एकाच फळीवर शेजारी शेजारी बसवलेले, आणि त्यातल्या एकाच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली.

इथे पेरूत, कायाओच्या बंदरामागे पूर्वी एक मासळीचा कारखाना होता. आंचोवेता ही बारीक मासळी वाळवून, दळून त्याची भुकटी करत आणि पोत्यांत भरून बाहेरदेशी पाठवत. सोराइदा त्या कारखान्यात सव्वीस वर्षं एकच काम करत होती. भुकटीतली आणि गोदामातल्या हवेतली ओल मोजायची. भुकटीत पाणी जास्त राहिलं तर ती नासते, फार कमी झालं तर आतल्या आत तापून पेट घेते. तिची सही झाल्याशिवाय पोतं जहाजावर चढत नसे. पुढे कारखाना उत्तरेकडे हलला. मालकांनी तिला बरोबर यायला सांगितलं, पण आईचं थडगं इथे आहे म्हणून ती गेली नाही. साठीला टेकलेली, बुटकी, खांद्याने रुंद, आणि बोलायला लागली की समोरच्याने आवरतं घ्यावं अशी बाई.

मी फाउस्तो. बोळाच्या तोंडाशी जे औषधाचं दुकान होतं त्यात मी एकतीस वर्षं काम केलं. बोळात चार नंबरच्या घरात राहतो. म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं, आणि काही वेळा तर हातात बादली घेऊन पाहिलं.

आमच्याकडे जून ते ऑक्टोबर हिवाळा, तेव्हा सूर्य रजेवर असतो. पाऊस म्हणावा तर पडत नाही, पण हवाच अंगाला चिकटते. काडी पेटत नाही, मिठाचा खडा होतो, कपाटातल्या बुटांवर हिरवी लव उगवते, रात्री अंथरुणात शिरलं की कुणी नुकतंच पाणी शिंपडून गेलंय असं वाटतं. भिंतींचे पोपडे निघतात आणि मागून पांढरं मीठ फुलतं. याचं कुणालाच काही वाटत नसे. समुद्राला खेटून राहायचं तर असंच, असं आमचे आजोबा म्हणत, आम्हीही म्हणत होतो. दुकानात त्या महिन्यांत खोकल्याचं औषध आणि दम्याचे फवारे मागायला रांग लागायची, आणि मी ते देत राहायचो.

त्या रांगेत नेहमी असायची ती नेरिदा. पाच नंबरमध्ये राहणारी, तिशीतली. नवरा चिलीला कामाला गेला तो तिकडचाच झाला. नेरिदा जवळच्या ला पुंता वस्तीतल्या मोठ्या घरांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. तिची मुलगी इताला सहा वर्षांची होती आणि तिला दमा होता. पोर हुशार, चित्रं काढण्यात दंग, पण हिवाळ्यात तिच्या छातीतून दार करकरल्यासारखा आवाज यायचा.

सोराइदा येऊन महिना झाला असेल. नेरिदाची परात परत द्यायला ती पाच नंबरमध्ये गेली आणि इतालाचा खोकला ऐकून तशीच आत घुसली. विचारणं वगैरे तिच्या स्वभावात नव्हतं. पोरीच्या खोलीत जाऊन तिने कपाटाच्या मागे नाक घातलं.

"हे कपाट इथून हलव."

"का हो, दोन्या?" नेरिदा दारातच उभी.

"मागे शेती चाललीय म्हणून."

दोघींनी जोर लावून कपाट ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत बुरशीने काळी होती, मखमलीसारखी. नेरिदाने तोंडावर हात ठेवला. दर रविवारी घर पुसणारी बाई ती, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाजायचं काय त्यात?" सोराइदा म्हणाली. "माझ्या बहिणीकडे याहून मोठी बाग आहे. तिने मला घराबाहेर काढलं ते हेच सांगितलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती फळी घेऊन आली आणि दोन्ही थर्मामीटर पोरीच्या खोलीत टांगले. एक साधा, दुसऱ्याच्या टोकाची वात पाण्यात भिजवलेली. हवा कोरडी असेल तर ओल्या वातीचं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली उतरतो. हवा भिजलेली असेल तर पाणी उडायला जागाच नसते, दोन्ही पारे बरोबरीने उभे राहतात. दोन्ही पारे जवळजवळ जुळे निघाले. तिने पिशवीतून कारखान्याचा जुना तक्ता काढला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "सत्त्याऐंशी. शंभरला हवेतच पोहायला लागू."

समोर सात नंबरमध्ये कप्तान अनाक्लेतो राहायचा. बंदरात ओढबोट चालवून निवृत्त झालेला, सत्तरीचा, सहा वर्षांपूर्वी बायको गेलेली. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचा. सोराइदा फळी घेऊन निघाली की त्याला चेव यायचा.

"काय दोन्या, आज हवेला ताप किती?"

"तुमच्या डोक्यापेक्षा कमी, कप्तान."

"चाळीस वर्षं समुद्रावर काढली मी. ओल्या हवेने कुणी मेलं नाही."

"मेले ते तक्रार करायला आले नसतील."

असं रोज चालायचं. बोळातली निम्मी माणसं त्याच वेळेला काही ना काही काम काढून बाहेर यायची.

हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र असतं, ते सोराइदानेच सांगितलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तसं एक होतं. नेरिदाला एकटीला ते झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही बोळात पोयादा लावली. मसाल्यात मुरवलेली कोंबडी मोठ्या कढईत तळायची, बटाटा नि कोशिंबीर घालून ताटं विकायची आणि पैसे जमवायचे. कप्ताननेसुद्धा चार ताटं घेतली आणि चारही वेळा मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. यंत्र आलं. इतालाच्या खोलीत ठेवलं, आणि सोराइदाच्या सांगण्यावरून घराच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद केल्या. रोज सकाळी यंत्राची टाकी पाण्याने काठोकाठ भरलेली असायची. बायका ती बघायला यायच्या. एकीने तर त्यात बोट बुडवून चाखून पाहिलं. खोलीतला आकडा सत्तरच्या खाली आला. सोराइदा बोळातून अशी चालायची, जणू जत्रेत तिच्याच कोंबड्याने बाजी मारलीय.

सतरा दिवस असे गेले. अठराव्या दिवशी दुपारी दोन वाजता नेरिदाची आरोळी ऐकून मी दुकानातून धावलो. इताला स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, समोर सूप तसंच, आणि तिचे ओठ निळे पडले होते. फवारा देऊनही श्वास येईना. कप्तानच्या भाच्याची टॅक्सी दारात होती म्हणून बरं. पोरगी चार दिवस इस्पितळात राहिली.

त्या चार दिवसांत बोळात काय काय बोललं गेलं ते सगळं सांगत नाही. यंत्रानेच पोरीचा श्वास ओढला, असंही एकजण म्हणाली. चौथ्या दिवशी नेरिदा पोरीला घेऊन आली तेव्हा आम्ही सगळे बाहेर उभे होतो. सोराइदा आपल्या दारातून निघाली आणि सगळ्यांच्या देखत नेरिदापुढे येऊन थांबली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत मी एक पोतं मोजून कधी अख्खं गोदाम पास केलं नव्हतं. इथे एक खोली मोजली आणि घर पास केलं. पोर काय दिवसभर त्या खोलीत कोंडून राहते? ती स्वयंपाकघरात जेवते, पडवीत खेळते, आणि तिथल्या खिडक्या मीच बंद करायला लावल्या."

 

"मला एक संधी दे," ती पुढे म्हणाली. "नको म्हणालीस तरी मला राग येणार नाही."

नेरिदा थकलेली होती. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती. "काय करायचं ते करा दोन्या," ती म्हणाली, "पण आता मला न सांगता काही करू नका."

ते वाक्य सोराइदाला लागलं असावं. त्यानंतर नेरिदाच्या घरात शिरताना ती दार वाजवायला लागली. इतर घरांत नाही, फक्त तिथे.

तिने आधी खिडक्या उघडल्या. मग पंधरा दिवस फक्त मोजलं. स्वयंपाकघर, पडवी, न्हाणीघर, दोन्ही खोल्या आणि बाहेरचा बोळ, रोज पाच वेळा. इतालाला तिने कामाला लावलं नाही, पण पोर आपणहून मागे फिरायची आणि घराचा नकाशा काढून त्यात आकडे भरायची. ओल्या जागेला निळा रंग, फार ओल्या जागेला जांभळा. पंधरा दिवसांनी तो कागद टेबलावर पसरला तेव्हा पडवी अख्खी जांभळी होती. सोमवारी आणि गुरुवारी तर सगळं घरच जांभळं.

सोमवार आणि गुरुवार हे नेरिदाचे धुण्याचे दिवस. हिवाळ्यात गच्चीवर कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि वर वास मारतात, म्हणून ती पडवीत दोऱ्या बांधून चादरी वाळत घालायची.

सोराइदाला कळलं होतं, पण तिने लगेच तोंड उघडलं नाही. मासळीवाल्याकडून तिने काट्याचा तराजू मागून आणला. ओल्या चादरींची टोपली टांगून वजन केलं, वाळल्यावर पुन्हा केलं. मी तिथेच होतो. दोन्ही आकडे आणि त्यांची वजाबाकी तिने कागदावर लिहिली आणि नेरिदाकडे सरकवले.

"बारा किलो," नेरिदा म्हणाली. "कशाचे?"

"पाण्याचे. चादरीतून गेलं ते कुठे गेलं? गटारात तर गेलं नाही."

नेरिदा कागदाकडे बघत राहिली. मग हळूच खुर्चीवर बसली.

"म्हणजे मी... माझ्याच कामाने मी पोरीला..."

"थांब," सोराइदा म्हणाली. इतकं मऊ बोलताना मी तिला आधी ऐकलं नव्हतं. "तुझ्या कामाने तुझी पोर जेवते. मी काम बंद कर म्हणायला आले नाही. पाणी निघणारच आहे. ते कुठे जावं, एवढंच आपल्याला ठरवायचंय."

तिचा बेत साधा होता. यंत्राला घर कोरडं करायला लावणं म्हणजे फुटक्या हंड्याखाली पेला धरणं. त्याऐवजी कपडेच घराबाहेर एका बंद खोलीत वाळवायचे आणि यंत्र तिथे ठेवायचं. छोट्या बंद खोलीत ते जोरात चालेल, कपडे एका दिवसात वाळतील, पाणी टाकीत जमेल. घर आपोआप सुटेल. बाकी राहिलं ते वाऱ्यावर आणि भिंतींवर सोपवायचं.

पण अशी खोली सबंध बोळात एकच होती. कप्तानच्या घराची मागची खोली, जिचं दार बोळाच्या शेवटी वेगळं उघडायचं. सहा वर्षं त्याला कुलूप होतं.

ती मला बरोबर घेऊन गेली. कप्तानने खुर्चीतून न उठता ऐकून घेतलं.

"त्या खोलीत ओलिंदाचं सामान आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग विचारता कशाला?"

"शेवटची कधी उघडलीत खोली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"कप्तान, त्या खोलीची भिंत समुद्राच्या अंगाला आहे. खिडकीला फळ्या ठोकल्यात. सहा हिवाळे गेले. आत काय ठेवलंय ते तुम्हाला माहीत असेल, पण आता काय उरलंय ते तुम्हालाही माहीत नाही."

कप्तान उठला. मला वाटलं हात उगारतो की काय. त्याने फक्त बोट दारातून बाहेर दाखवलं. आम्ही निघालो. बोळात आल्यावर मी म्हणालो, "दोन्या, हे जरा जास्तच झालं." ती म्हणाली, "झालं खरं," आणि घरी गेली. त्या दिवशी तिने मोजायचं कामही केलं नाही.

दोन दिवस कप्तानची खुर्ची दारात दिसली नाही. तिसऱ्या दिवशी मी सोराइदाकडे तिचं रक्तदाबाचं औषध द्यायला गेलो होतो, तेव्हा तो आला. दाढी केलेली, अंगात बंदरातला निळा कोट. हातात किल्ली.

"चला," तो म्हणाला. "तुम्ही एकट्या."

"फाउस्तोही येईल. कपाटं जड असतात."

कप्तानने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

कुलपाला तेल घालावं लागलं. दार उघडलं आणि तो वास आला. तळघरात राहिलेल्या बटाट्यांसारखा, गोडसर. कप्तानने दिवा लावला. पलंगाच्या गादीवर राखाडी चट्टे उठले होते. फोटोंचा आल्बम विटेसारखा एकसंध झाला होता. कपाटात ओलिंदाचे झगे ओळीने टांगलेले होते, तिने लावले होते तसेच. कप्तान त्यातल्या एका हिरव्या झग्याजवळ गेला. बाही दोन बोटांत धरली, जशी माणसाची धरतात. बाही खांद्यातून सुटून त्याच्या हातात आली.



"मला वाटलं," तो म्हणाला, "बंद ठेवलं म्हणजे राहील."

मी खाली बघत होतो. सोराइदा काहीतरी टोचून बोलेल याची मला भीती वाटत होती. तिने बाह्या वर केल्या.

"किती वाचतंय ते बघू," ती म्हणाली. "फाउस्तो, खिडकीच्या फळ्या काढ. कप्तान, तुम्ही तिथे बसा आणि प्रत्येक कपड्याचं मला सांगा, कुठला आधी."

आठवडाभर आम्ही त्या खोलीत राबलो. यंत्र तिथे आणलं आणि पहिलं काम त्याला ओलिंदाच्या सामानाचं दिलं. झगे तोंडाला फडकं बांधून गच्चीवर झटकले, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसले, नेरिदाने एकेक हाताने धुतला. सतरातले नऊ वाचले. आल्बमची पानं सोराइदाने वाफेवर सोडवली आणि टीपकागदात दाबली. त्यातही बरीच गेली, पण लग्नाचा फोटो आला, एक कोपरा सोडून. कप्तान रोज बसून सांगायचा, हा झगा भाच्याच्या नामकरणाचा, हा तिला आवडायचा नाही पण मी आणला म्हणून घालायची. सहा वर्षांत त्याने तिचं नाव आमच्यापैकी कुणासमोर काढलं नव्हतं.

आठव्या दिवशी वाचलेले झगे त्याने पुढच्या खोलीत नेले आणि किल्ली सोराइदाच्या हातात ठेवली.

"पण दोऱ्या मी बांधणार," तो म्हणाला. "तुमच्या गाठी बघवत नाहीत."

त्याने छताला कप्प्या लावल्या, एका ओढीत अख्खी रांग वर जाईल अशा. दारावर वेळापत्रक चिकटवलं, कुठल्या घराचे कपडे कधी. दार उघडं टाकून कुणी गेलं की त्याचा आवाज बंदरापर्यंत जायचा. "दार! कोरडी हवा काय तुमच्या बापाची आहे?" चादरी सकाळी टांगल्या की संध्याकाळी कडक वाळायच्या. यंत्रातलं पाणी नेरिदा इस्त्रीत घालायची. त्यात मीठ नसल्यामुळे इस्त्री तुंबत नव्हती, हा शोध तिचा स्वतःचा.

मग राहिलं घर. जुन्या घरांच्या छतात आमच्याकडे तेआतीना असते, छपरावर उभी केलेली तिरकी खिडकी. दोरी ओढली की झडप उघडते आणि वारा घरात उतरतो. पाच नंबरची तेआतीना कुणीतरी केव्हाच खिळे ठोकून बंद केली होती. सोराइदाने ती उघडायला सांगितली तेव्हा नेरिदा वैतागली.

"दोन्या, बाहेर धुकं आहे. भिंतीला हात लावला तर ओला होतो. आणि तुम्ही म्हणता ते धुकं घरात घे?"

"बाहेरची हवा ओली आहे, पण थंड आहे. थंड हवेत पाणी मावतंच किती? आत येऊन ऊब लागली की तिची तहान वाढते, आणि जाताना ती घरातलं पाणी घेऊन जाते. पण दुपारी. बारा ते तीन. सकाळी नको आणि दिवेलागणीला तर मुळीच नको."

"आणि मला कसं कळणार?"

"मोजून," सोराइदा म्हणाली, आणि तिला दोन थर्मामीटरची दुसरी फळी करून दिली.

कप्तान सत्तरीत छपरावर चढला, खिळे उपटले, नवी दोरी ओवली. पडवीच्या भिंतींना गुडघ्यापर्यंत सिमेंट आणि वर चकचकीत तैलरंग होता. त्यामुळे मातीच्या भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळत नव्हती आणि ते वर चढत होतं. ते सगळं खरवडून चुना लावला. स्वयंपाकघरात भांड्यांवर झाकणं आली, न्हाणीघराचं दार अंघोळीनंतर लावून त्याची बाहेरची खिडकी उघडायची शिस्त आली. पलंग आणि कपाटं भिंतीपासून वीतभर सुटली. आणि सोराइदा पुन्हा सगळ्या खोल्या मोजायची, एकही न सोडता.

सप्टेंबरात, म्हणजे आमचा सगळ्यात वाईट महिना, पडवीत आकडा पासष्ट होता. इतालाच्या खोलीत त्रेसष्ट, स्वयंपाकघरात सहासष्ट. पोरीने नकाशा पुन्हा काढला आणि जांभळा रंग कुठेच लागला नाही म्हणून तिला थोडं वाईट वाटलं. तिचा दमा गेला असं मी म्हणणार नाही. मी औषधाच्या दुकानातला माणूस आहे, असलं बोलत नाही. पण त्या हिवाळ्याच्या उरलेल्या महिन्यांत ती एकदाही इस्पितळात गेली नाही, आणि जो फवारा पंधरा दिवसांत संपायचा तो दोन महिने पुरला. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, देणारा मीच होतो.

पुढच्या दोन हिवाळ्यांत सोराइदाने बोळातली बाराही घरं केली. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. दहा नंबरच्या बाईने तिला कपाट उघडल्याबद्दल झाडू दाखवला आणि अजून बोलत नाही, जरी तिच्या तेआतीनेची दोरी रोज दुपारी ओढलेली असते. लोकांच्या घरात नाक खुपसायची खोड, समोरच्याचं वाक्य तोडायची खोड, या गेल्या नाहीत. बहिणीशी समेट व्हायला नऊ वर्षं लागली आणि तोही बहिणीने आधी पत्र लिहिलं म्हणून. आमच्या दुकानाचा मालक मला म्हणाला होता, "फाउस्तो, ही बाई आपलं दुकान बसवणार." हसून म्हणाला, पण खोकल्याच्या बाटल्या त्याने कमीच मागवल्या.

मग आजूबाजूचे लोक बोलवायला लागले. चुकुइतोतून, ला पुंतातून, टेकाडावरच्या पत्र्याच्या घरांतून. ती कुणाकडून काही घेत नसे, जेवण सोडून. सूप मात्र घ्यायची आणि त्यावर मतही द्यायची. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आयांच्या सभेत बोलायला बोलावलं. शंभरेक बायका होत्या. सोराइदा व्यासपीठावर गेली, माइककडे संशयाने पाहिलं आणि म्हणाली, "मी जे सांगणार ते घरी जाऊन करायचं आहे. तेव्हा मी थोडकं बोलते." चार मिनिटं बोलली. त्यानंतर तीन तास तिच्याभोवती बायकांचा गराडा होता, प्रत्येकीला आपल्या घरातला एकेक कोपरा तिला समजावून सांगायचा होता. तिने प्रत्येकीला तेच विचारलं, "आणि बाकीच्या खोल्या?"

कप्तान अनाक्लेतो गेला तेव्हा वाळवणीची खोली त्याने बोळाच्या नावे करून ठेवली होती. त्याला निळ्या कोटात पुरलं. कोट नेरिदाने इस्त्री केला होता. नेरिदाने हळूहळू दोन बायका हाताशी घेतल्या, आता तिच्याकडे ला पुंतातलं एक हॉटेलही आहे. इताला तेवीस वर्षांची आहे. इमारती बांधायचं शिकते. गेल्या महिन्यात तिने कॉलेजसाठी एका उंच इमारतीतलं घर मोजलं, काचा बंद, भिंती प्लास्टिकच्या रंगाने मढवलेल्या, आणि तिच्या अहवालावर प्राध्यापकांनी विचारलं, हे कुठे शिकलीस.

सोराइदा आता अठ्ठ्याहत्तरची आहे. डोळ्यांना मोतीबिंदू आहे, पारा दिसत नाही. मी निवृत्त झालो आहे, मला वेळ आहे, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिच्याबरोबर जातो. मी आकडा वाचतो, ती तक्ता तोंडपाठ म्हणते. परवा एका नव्या जोडप्याकडे गेलो होतो. बाळ तीन महिन्यांचं. सोराइदा खोलीत शिरली, भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "एकोणऐंशी."

मी पारे वाचले, हिशेब केला. "एक्याऐंशी, दोन्या."

"वात नीट भिजवली नाहीस," ती म्हणाली.

मी बघितलं. खरंच कोरडी पडली होती.